अकरा वर्षांच्या ताईसाठी रकानाच नाही

समजा, तुम्ही शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर सर्व्हेला गेला आहात. आवणीचे दिवस. आई-बाप सकाळीच शेतावर गेलेत, घरात आजी आहे. ओटीवर अडीच वर्षांचं पोर आणि त्याची अकरा वर्षांची ताई बसलीय. ताईने करवंटीत ओली माती दाबून भरली, पालथी घातली, "हा तुझा भात." पोराने एका बोटाने तो भात मोडला. ताईने पुन्हा घातला, या वेळी दोन. "एक तुला, एक आजीला." मग पळसाच्या पानांवर वाढणं सुरू.

तुमच्या हातातल्या टॅबवर प्रश्न आहे: गेल्या ३ दिवसांत घरातलं १५ वर्षांचं किंवा त्याहून मोठं कोणी या मुलाशी खेळलं का? आजी म्हणते, "आमाला कुठला टाइम?" तुम्ही 'नाही'वर बोट ठेवता आणि पुढच्या प्रश्नाला जाता.

हा प्रश्न युनिसेफच्या मल्टिपल इंडिकेटर क्लस्टर सर्व्हेतला, म्हणजे 'मिक्स'मधला आहे. बालविकासावर एम.ए.चा प्रबंध किंवा पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहिताना आपल्यातले बरेच जण तो जसाच्या तसा उचलतात. मीही पायलटसाठी उचलला होता. तयार साधन आहे, जगभर वापरलेलं आहे, गाईडही खूश.

आधी त्याच्या बाजूचं बोलू. खेळण्यांबद्दलचा त्याचा प्रश्न बराच समंजस आहे. दुकानातलं खेळणं, घरी केलेलं खेळणं, आणि घरातली भांडी किंवा बाहेरचे दगड, काटक्या, पानं हे सगळं तो मोजतो. म्हणजे ती करवंटी मोजली जाते. फक्त मराठीत विचारताना सांभाळा. "बाळाकडे खेळणी आहेत का?" असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येणार, कारण खेळणी म्हणजे बाजारातून आणलेली. "बाळ कशाशी खेळतं?" असं विचारा, मग बघा यादी किती लांबते.

माझं भांडण वयाच्या अटीशी आहे. २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी हे साधन सहा गोष्टी विचारतं: पुस्तक वाचणं किंवा चित्रं दाखवणं, गोष्ट सांगणं, गाणं म्हणणं, बाहेर नेणं, खेळणं, आणि नावं सांगणं-मोजणं-चित्र काढणं. चार किंवा जास्त झाल्या की मुलाला घरात पुरेशी चालना मिळते असं धरतात. पण त्या करणारी व्यक्ती १५ वर्षांची हवी. दुसरीकडे एक धोक्याचा निर्देशांक आहे: गेल्या आठवड्यात मूल तासाभराहून जास्त एकटं होतं का, किंवा १० वर्षांखालच्या मुलाकडे सोपवलेलं होतं का. आता हे दोन्ही शेजारी ठेवा. नऊ वर्षांची बहीण धोक्यात मोडते. सोळा वर्षांचा काका चालना देणाऱ्यांत मोडतो. आणि १० ते १४ वयाची ताई? ती कुठेच नाही. दिवसभर ज्या हातात बाळ आहे, नेमके तेच हात या कागदावरून गायब आहेत.

ही नजर येते कुठून? बार्बरा रोगॉफ आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा अभ्यास जरूर वाचा. ग्वाटेमालातलं सान पेद्रो हे माया गाव, तुर्कस्तानातलं केचिओरेन, अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी आणि भारतातलं ढोल की पट्टी हे आदिवासी गाव, अशा चार ठिकाणची लहान मुलं आणि त्यांचे सांभाळकर्ते त्यांनी पाहिले. मोठ्यांनी मुलांचा खेळगडी व्हायचं ही रीत सगळीकडची नाही, हे त्यात स्पष्ट दिसतं. सान पेद्रो आणि ढोल की पट्टीत मुलं मोठ्यांची कामं निरखून शिकत होती. आपण मात्र शहरी मध्यमवर्गीय घराची रीत मोजपट्टी म्हणून आणतो आणि ओटीवरच्या घराला 'चालना अपुरी' असा शेरा देतो.

आणि यासाठी ग्वाटेमालापर्यंत जायचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत ठाण्यातच होती. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या अंगणात गेल्या, 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. कारण साधं होतं. कडेवर भावंड असलेली मुलगी शाळेत यायची असेल तर भावंडालाही जागा लागते. ताईचं काम त्यांना दिसलं होतं, आणि त्या कामापायी तिचं काय बुडतंय तेही दिसलं होतं.

हा दुसरा भाग विसरू नका. ताई छान खेळवते म्हणून मी तिचं गुणगान गाणार नाही. उघडी विहीर, पेटती चूल आणि ओट्याखाली साप हे सगळं खरं आहे. अकरा वर्षांची मुलगी सोमवारी सकाळी ओटीवर का आहे, हाही प्रश्न आहेच. पण ज्या प्रश्नावलीत ती नाही, तिच्यात तिची बुडालेली शाळाही नाही. मग कार्यक्रम आखणारे फक्त आईला प्रशिक्षण देतात, आणि आई त्या वेळी गुडघाभर चिखलात असते.

ऋतूचंही बघा. 'गेले ३ दिवस' आवणीतले, की दिवाळीनंतरचे? दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा घराला कुलूप असतं आणि तुमच्या नमुन्यात 'घर बंद' अशी नोंद होते. मूल तर भट्टीवरच्या झोपडीत असतं, विटेच्याच मातीशी खेळत.

म्हणून साधन फेकून द्या असं मी म्हणत नाही. मूळ प्रश्न जसेच्या तसे ठेवा, नाहीतर तुलना करता येणार नाही आणि व्हायवात तोच मुद्दा निघेल. त्यांच्या शेजारी एक रकाना वाढवा: प्रत्येक कृती कोणी केली, त्याचं वय किती, आणि वयाला खालची मर्यादा नको. त्या व्यक्तीची गेल्या आठवड्यातली शाळेची हजेरीही तिथेच नोंदवा. मग सहा गोष्टींची बेरीज दोनदा करा, एकदा १५ ची अट लावून आणि एकदा न लावता. दोन आकड्यांत फरक आलाच नाही, तर माझं म्हणणं तुमच्या गावापुरतं चुकलं, तेही लिहा. आणि मुलाखत आजीशी झाली तरी टॅब बंद करून अर्धा तास ओटीवर बसा. माझ्या पायलटमध्ये मी ते केलं नव्हतं. चहा झाला की उठत होतो. आता ते सगळे फॉर्म पुन्हा भरायचेत, या वेळी आवणीत एकदा आणि भट्टीवर एकदा.