लेबल, कवच आणि पाठ : फॅमिकॉम डिस्कच्या अस्सलतेचा प्रश्न

निन्टेन्डो या जपानी कंपनीने २१ फेब्रुवारी १९८६ रोजी आपल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या घरगुती खेळयंत्रासाठी एक जोडयंत्र विक्रीस आणले. ‘फॅमिली कॉम्प्युटर डिस्क सिस्टिम’ हे त्याचे नाव. तोवर या यंत्रावरील खेळ कार्ट्रिजमध्ये कायमचे कोरलेले येत असत. आता ते चुंबकीय डिस्कवर येऊ लागले. डिस्कवरील मजकूर पुसून तेथे दुसरा लिहिता येतो, हे या बदलाचे मर्म होय. कंपनीने खेळण्यांच्या दुकानांतून लेखनयंत्रे बसविली. ग्राहकाने आपली जुनी डिस्क न्यावी, ५०० येन द्यावेत आणि तिच्यावर नवा खेळ लिहून आणावा, अशी ही व्यवस्था होती. पुनर्लेखनाची ही सेवा पुढे कंपनीने २००३ पर्यंत चालू ठेवली. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’, ‘मेट्रॉइड’ यांसारखे नामांकित खेळ प्रथम याच डिस्कवर प्रसिद्ध झाले. आज या डिस्क संग्राहकांच्या हाती आहेत, आणि त्यांतील एखादी चमत्कारिक डिस्क पुढे आली, की ती अस्सल की बनावट हा वाद उपस्थित होतो.

या वादात जी कसोटी सामान्यतः लावली जाते ती सोपी आहे. कवच कंपनीचे असावे, लेबल कवचाला साजेसे असावे आणि डिस्कमधून निघणारा खेळ लेबलावर छापलेलाच असावा. तिन्ही जुळले म्हणजे डिस्क अस्सल. एक जरी विसंगत निघाले तरी ती संशयित. वरवर पाहता ही कसोटी निर्दोष वाटते. वस्तुतः ज्या माध्यमाच्या बाबतीत ती लावली जाते, त्या माध्यमाच्या प्रकृतीशीच तिचा विरोध आहे, आणि तिच्या आग्रहापायी पुरावा नष्ट होऊ शकतो.

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. संग्राहक ज्या अर्थाने ‘ओरिजिनल’ म्हणतात त्याला मराठीत ‘अस्सल’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु मराठी दप्तरी व्यवहारात या शब्दाला एक नव्हे, दोन विरुद्धार्थी शब्द आहेत. अस्सल कागदाच्या उलट एकीकडे ‘नक्कल’ असते आणि दुसरीकडे ‘बनावट’. नक्कल ही असत्य नव्हे. अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी दिलेली नक्कल अस्सलाइतकीच ग्राह्य धरली जाते. ती केव्हा झाली आणि कोणी केली, एवढे मात्र तिच्यावर नमूद असावे लागते. बनावट कागद आपल्या उगमाविषयी खोटे सांगतो. संग्राहकांच्या परिभाषेत हा भेद बुजला आहे, आणि बराचसा घोटाळा तेथूनच सुरू होतो. दुकानातील यंत्राने लिहिलेली प्रत ही नक्कल आहे, पण ती बनावट नाही. किंबहुना या डिस्कच्या बाबतीत कारखान्यातून निघालेली प्रतही नक्कलच असते; फरक असतो तो केवळ लेखकाचा आणि तारखेचा. सबब, ‘झेल्डा’चे लेबल असलेल्या डिस्कमध्ये भलताच खेळ सापडला तर त्यात दचकण्यासारखे काही नाही. एखाद्या मुलाला ‘झेल्डा’ खेळून कंटाळा आला आणि त्याने ५०० येन देऊन दुसरा खेळ लिहवून घेतला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

या डिस्कची स्वतःची पुष्पिका असते, ही गोष्ट हस्तलिखितांच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. प्रत्येक बाजूच्या आरंभी एक माहितीखंड असतो. त्याच्या प्रारंभी कंपनीचे नाव असलेली ठरावीक अक्षरमालिका येते. पुढे निर्मात्याचा संकेतांक, खेळाचे संक्षिप्त नाव, आवृत्तीचा आणि बाजूचा क्रमांक येतो. त्यानंतर निर्मितीची तारीख येते. याच खंडात पुनर्लेखनाची तारीख, लेखनयंत्राचा अनुक्रमांक आणि पुनर्लेखन किती वेळा झाले तो आकडा यांसाठीही जागा राखलेल्या आहेत. म्हणजे लेखकाचे नाव, लेखनाचा काळ आणि प्रतींची परंपरा, हे जे पोथीच्या अखेरीस शोधावयाचे, ते येथे आरंभीच दिलेले आहे. तारखेतील वर्ष बहुधा जपानी युगगणनेचे असते. तेथे ६१ हा आकडा दिसला तर तो १९६१ नव्हे. शोवा युगाचे ६१ वे वर्ष, म्हणजे १९८६ होय. जानेवारी १९८९ मध्ये ते युग संपून हेइसेइ युग सुरू झाले, हेही वाचकाने ध्यानात ठेवावयास हवे. शके आणि संवत् यांच्या गल्लतीतून पोथ्यांच्या काळनिर्णयात जे घोटाळे होतात, त्यांच्याच जातीचा हा घोटाळा आहे.

कंपनीचे नाव डिस्कवर एकूण तीन ठिकाणी येते, आणि त्या तिन्ही ठिकाणी त्याचे कार्य निरनिराळे आहे. कवचाच्या कडेवर ते ठशाने खोल उमटविलेले असते; वाचकयंत्रातील उंचवटा त्या खोलगट अक्षरांत बसला नाही, तर डिस्क आत जात नाही. माहितीखंडात ते अक्षरमालिकेच्या रूपाने येते. तिसरे स्थान आहे ‘क्योदाकु’ या नावाची २२४ बाइटांची एक फाइल. या जपानी शब्दाचा अर्थ ‘परवानगी’. सदर वस्तू कंपनीने वा तिच्या परवान्याने अन्य कोणी निर्माण केली आहे, अशा आशयाचे निवेदन ही फाइल पडद्यावर उमटविते. यंत्र ते निवेदन आपल्या स्मृतीतील प्रतीशी ताडून पाहते आणि जुळले तरच खेळ सुरू होऊ देते. नाव येथे वस्तूचा निर्देश करीत नाही, ते किल्लीचे काम करते. तथापि तिन्ही कुलपे सारख्याच रीतीने वाचीत नाहीत. कवचावरील ठसा यंत्र आकार म्हणून वाचते, चिन्ह म्हणून नव्हे. त्यामुळे परवाना नसलेल्या काही उत्पादकांनी नावातील अक्षरे किंचित बदलली तरी त्यांच्या डिस्क आत जाऊ शकल्या. मालिकेत मात्र एकही अक्षर बदलून चालत नाही. तेव्हा कवचावरील नाव बिघडलेले असणे हा बाहेरच्या उत्पादकाचा स्पष्ट पुरावा आहे. आतील नाव शुद्ध असणे हा कशाचाच पुरावा नाही, कारण ते शुद्ध नसते तर डिस्क चाललीच नसती.

रंगाविषयीही अशीच घाई होते. सामान्य डिस्क पिवळी असते आणि तिला सरकते झाकण नसते. म्हणून झाकण असलेली निळी डिस्क पाहिली की नवशिक्या संग्राहकास ती बनावट वाटते. परंतु १९८७ च्या ‘गोल्फ : जपान कोर्स’ या खेळासारख्या स्पर्धांसाठी कंपनीनेच निळ्या डिस्क काढल्या होत्या. खेळाडूने मिळविलेले गुण डिस्कवर नोंदले जात आणि दुकानातील यंत्रामार्फत ते कंपनीकडे पाठविता येत. येथे असामान्यता हेच अधिकृततेचे लक्षण आहे.

येथवरचे विवेचन मान्य केले, तर रूढ कसोटीचा खरा दोष स्पष्ट होतो. या डिस्क घरच्या संगणकाला जोडून वाचता व लिहिता येतील अशी उपकरणे आज उपलब्ध आहेत. दुर्मिळ खेळाचे लेबल असलेली, पण आत सामान्य खेळ असलेली डिस्क ज्याच्या हाती येते, त्याला तिचे मोल कमी मिळणार हे ठाऊक असते. त्या दुर्मिळ खेळाची संगणकीय प्रत मिळवून डिस्कवर लिहिणे हे काही मिनिटांचे काम आहे. पुष्कळदा यात फसवणुकीचा हेतूही नसतो; डिस्क ‘दुरुस्त’ केली अशीच त्याची प्रामाणिक समजूत असते. परंतु या दुरुस्तीने दुकानाचा अनुक्रमांक, पुनर्लेखनाची तारीख, पूर्वीच्या मालकाने जतन केलेला खेळ, हे सर्व पुसले जाते आणि त्या जागी अन्य कुठल्या तरी डिस्कची पुष्पिका येऊन बसते. पाठचिकित्सेत दुर्बोध पाठाला सुबोध पाठापेक्षा अधिक मान देण्याचा संकेत आहे, कारण लेखक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. तोच न्याय येथे लागू पडतो. विसंगत डिस्क घडवून आणण्यात कोणाचा लाभ नाही. संपूर्ण सुसंगत डिस्क घडवून आणण्यात आहे. संशयाची दिशा उलटी असावयास हवी ती यासाठी.

अमेरिका व युरोपातील जुन्या संगणक-खेळांच्या संग्राहकांत २०२२ मध्ये बनावट प्रती विकल्या गेल्याच्या आरोपावरून मोठे वादळ उठले. ते वेगळ्या जातीच्या डिस्कचे प्रकरण असल्याने येथे विस्ताराने घेण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवावयाचे, की त्या चर्चेत मुख्य भर छपाईवर होता : लेबलाच्या कडा, शाईचे ठिपके, कागदाचा पोत. काही डिस्क तपासल्यावर कोऱ्या निघाल्याचेही सांगितले गेले. बंद खोक्याचे मोल तो न उघडण्यात असते; त्यामुळे वर्षानुवर्षे कोणी आतला मजकूर वाचीतच नाही.

संग्राहकांइतकाच दोष संरक्षकांकडेही जातो. या डिस्कच्या ज्या संगणकीय प्रती सर्वत्र प्रचारात आहेत, त्यांच्या रूढ स्वरूपात प्रत्येक बाजूसाठी ६५,५०० बाइट राखलेले असतात. खंडांच्या अखेरीची पडताळणी-मूल्ये आणि खंडांमधील रिकाम्या जागा त्यांत घेतल्या जात नाहीत. खेळ चालविण्याच्या दृष्टीने हे पुरेसे आहे. पण ज्या ठिकाणी एक लेखन संपून दुसरे सुरू झाले तो सांधा नेमका त्या रिकाम्या जागेत असतो. कारखान्यातून वा दुकानातून एका दमात लिहिलेली बाजू आणि घरच्या यंत्राने मधलाच एक भाग पुन्हा लिहिलेली बाजू यांतील फरक तेथे उमटू शकतो. शिवाय नवा खेळ जुन्याहून लांबीने कमी असला, तर त्याच्या अखेरीपलीकडे जुन्या मजकुराचा अवशेष राहण्याची शक्यता असते. पुसून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रावर जुनी अक्षरे दिसावीत तसा. चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपणारे वाचन झाले, तरच हे हाती लागते. पडताळणी-मूल्यांवर मात्र फाजील भिस्त ठेवू नये. मजकूर लिहिताना ती नव्याने काढली जातात, म्हणून बनावट डिस्कमध्येही ती बिनचूक असतात. डिस्क झिजली आहे की नाही एवढेच ती सांगतात.

जतन केलेल्या खेळांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘झेल्डा’ खेळणाऱ्याला तीन नावे नोंदवून आपली प्रगती डिस्कवरच साठविता येते. परिणामी खेळली गेलेली प्रत्येक प्रत दुसऱ्या प्रतीपासून भिन्न होते, आणि दोन प्रती अक्षरशः जुळत नाहीत एवढ्यावरून त्यांतील एकीला भ्रष्ट ठरविणे हास्यास्पद ठरते. पोथीच्या समासात वाचकाने केलेल्या टिपणांचे संपादक काय करतो? मूळ पाठात तो ती मिसळीत नाही, पण खरवडूनही टाकीत नाही. संरक्षकांपैकी काहींनी प्रमाण प्रत तयार करण्याच्या हेतूने या जागा शून्यवत् केल्या. प्रमाण प्रतीपुरते ते समर्थनीय आहे. त्या विशिष्ट डिस्कचा अभिलेख म्हणून अशी प्रत पुढे करणे मात्र समर्थनीय नाही.

म्हणून डिस्कच्या नोंदीत एकच ‘अस्सल’ हा शेरा मारण्याऐवजी कवच, लेबल, माहितीखंड आणि खेळाचा पाठ या चारांविषयी स्वतंत्र विधाने करणे इष्ट होय. कवच कारखान्यातील, लेबल त्याच कवचाचे, माहितीखंडात अमुक यंत्राने अमुक दिवशी लिहिल्याची नोंद, पाठ अमुक आवृत्तीचा : अशी नोंद असेल, तर पुढील अभ्यासकाला विसंगतीतूनही अर्थ काढता येतो.

तरीही एक अडचण उरते. संगणकीय प्रतीवरून डिस्क लिहिली जाते तेव्हा मूळ डिस्कचा माहितीखंडही तिच्यावर उतरतो. पोथीचा नकलकार आधीच्या लेखकाची पुष्पिका तिच्या शकासह जशीच्या तशी उतरवितो, तेव्हा नव्या पोथीचे वय फसवे दिसते. येथेही तेच घडते. एकच खेळ, एकाच यंत्राचा अनुक्रमांक, एकच दिवस आणि पुनर्लेखनाचा एकच आकडा असलेल्या दोन डिस्क समोर आल्या, तर कदाचित त्या एकाच दुकानात एकाच दिवशी दोन ग्राहकांसाठी लिहिल्या गेल्या असतील. बहुधा त्यांतील एक दुसरीवरून उतरलेली असेल. माय कोणती आणि लेक कोणती, हे पुष्पिकेवरून ठरणार नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंवरील सांधे आणि अखेरीपलीकडील अवशेष पाहावे लागतील, आणि तेही डिस्कला कोणी ‘दुरुस्त’ करण्यापूर्वी.