संशोधनाचे मोजमाप आणि विद्यापीठ ग्रंथालय : एक चिकित्सा

प्रस्तावना

उच्च शिक्षणक्षेत्रात 'संशोधन' या शब्दाला 'मोजमाप' हा शब्द आता कायमचा जोडला गेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीची सांगड शैक्षणिक कामगिरीच्या गुणांकांशी घातली. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत विद्यापीठांच्या गुणांपैकी ३० टक्के भार संशोधन व व्यावसायिक कार्याला देण्यात आला. ही आकडेवारी जमवण्याचे काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडे येते. मात्र त्या आकड्यांचा अर्थ काय, हे ग्रंथपालाला सहसा कोणी विचारत नाही. संशोधनाच्या मोजमापात ग्रंथालयाचे खरे साहाय्य कशात आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मापनाचे मूळ ग्रंथालयात

उद्धरणे मोजण्याची पद्धत माणसांची गुणवत्ता ठरवण्यासाठी जन्माला आलेली नाही, ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. १९२७ मध्ये अमेरिकेतील पोमोना महाविद्यालयातील ग्रॉस आणि ग्रॉस या अभ्यासकांनी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातील संदर्भांची मोजणी केली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत, एवढाच त्यांच्यापुढील प्रश्न होता. भारतात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये 'लायब्रमेट्री' ही संज्ञा सुचवली, तीही ग्रंथालयाच्या सेवा व व्यवस्थापनाचे प्रश्न संख्याशास्त्राच्या मदतीने सोडवता यावेत म्हणून. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये उद्धरणसूचीची कल्पना मांडली. त्यातूनच पुढे आलेला 'इम्पॅक्ट फॅक्टर' सुद्धा नियतकालिकांची निवड व तुलना करण्याचे साधन होता. आधीच्या दोन वर्षांतील लेखांना एखाद्या वर्षी मिळालेली उद्धरणे भागिले त्या दोन वर्षांतील लेखांची संख्या, असे हे साधे गणित आहे. ती नियतकालिकाची सरासरी आहे. त्यातील एका विशिष्ट लेखाविषयी ती काहीही सांगत नाही. २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचा मुख्य आग्रह हाच होता.

तात्पर्य, नियतकालिके निवडण्यासाठी घडवलेले माप आज माणसांना लावले जात आहे. हे साधन मुळात कशासाठी होते, हे ज्यांना व्यवसायामुळे ठाऊक आहे ते ग्रंथपालच आहेत. ते मौन बाळगून केवळ आकडे पुरवत राहिले, तर चूक अधिकृत ठरते.

आकड्यांमागील वास्तव

एकाच प्राध्यापकाचा एच-निर्देशांक गूगल स्कॉलरवर एक, स्कोपसवर दुसरा आणि वेब ऑफ सायन्सवर तिसरा दिसतो. हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेल्या या निर्देशांकाची व्याख्या तिन्ही ठिकाणी एकच आहे. फरक पडतो तो कोणती प्रकाशने जमेस धरली यामुळे. म्हणून स्रोत आणि दिनांक यांच्याशिवाय दिलेला निर्देशांक निरर्थक आहे.

नामभेदांचा प्रश्नही असाच. पुणे विद्यापीठाचे इंग्रजी नाव प्रथम 'पूना', नंतर 'पुणे' असे लिहिले गेले आणि २०१४ मध्ये 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. लेखकांनी आपला पत्ता जसा लिहिला, तसा तो सूचीत गेला. व्यक्तिनामांचीही हीच गत. कुलकर्णी, पाटील, जाधव ही आडनावे आणि एकच आद्याक्षर असलेले अनेक संशोधक एकमेकांत मिसळून जातात. विवाहानंतर नाव बदललेल्या प्राध्यापिकांचे लेखन दोन नावांखाली विभागले जाते. नामनियंत्रण हे तालिकीकरणाचे जुने आणि मूलभूत काम आहे. प्रत्येक संशोधकास ऑर्किड क्रमांक घेण्यास साहाय्य करणे, 'विद्वान' या राष्ट्रीय माहितीसंचातील नोंदी तपासणे, संस्थेच्या नावाचा एकच प्रमाण पाठ ठरवून देणे, ही कामे ग्रंथालयाइतक्या नेमकेपणाने दुसरा कोणताही विभाग करू शकणार नाही.

मराठीतील संशोधनाचे काय?

खरा पेच यापुढे आहे. संस्थात्मक क्रमवारी ज्या दोन माहितीसंचांवर विसंबते, त्यांत प्राधान्याने इंग्रजी नियतकालिके आहेत. 'नवभारत' किंवा 'समाज प्रबोधन पत्रिका' यांतील लेखांनी मराठी विचारविश्वात पिढ्यान्‌पिढ्या वाद घडवले, परंतु त्या वादांची उद्धरणे तेथे मोजली जात नाहीत. मानव्यविद्यांतील महत्त्वाचे लेखन पुस्तकरूपाने येते, आणि मराठी पुस्तकाने मराठी पुस्तकाचा घेतलेला संदर्भ कोणत्याच जागतिक सूचीच्या दृष्टीस पडत नाही. जे मोजले जात नाही ते झालेच नाही, असा निष्कर्ष मग आपोआप निघतो. प्रस्तुत लेखकाचा एम.फिल.चा लघुप्रबंध आजही एका कपाटात बंद आहे आणि त्याची नोंद कोणत्याही शोधसूचीत नाही. तो सामान्य असेल, परंतु सामान्य आहे की नाही हे ठरवण्याचीही संधी कोणाला मिळालेली नाही. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व स्थानिक संदर्भात महत्त्वाच्या असलेल्या संशोधनाचे रक्षण करण्याचे आहे. ते आपल्याकडे प्रत्यक्षात आणायचे, तर आरंभ ग्रंथालयातूनच व्हावा लागेल.

यासाठी परंपरा नाही असे नाही. शं. ग. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची अपार कष्टाने सिद्ध केली, तीही संगणक नसताना. आज साधने हाताशी आहेत. २००९ च्या विनियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर जमा होऊ लागले. प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूची असते. महाराष्ट्रातील विद्यापीठ ग्रंथालयांनी विषय वाटून घेऊन मराठी प्रबंधांतील या सूचींची नोंद केली, तर मराठी उद्धरणसूचीचा पाया घातला जाईल. कोणता ग्रंथ आजही वाचला जातो आणि कोणता लेख विस्मृतीत गेला, हे प्रथमच पुराव्यानिशी सांगता येईल.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला मनुष्यबळाचा. अनेक महाविद्यालयांत एकटा ग्रंथपाल देवघेवीपासून अधिस्वीकृतीच्या कागदपत्रांपर्यंत सर्व सांभाळतो. हा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच हे काम महाविद्यालयाचे नव्हे, विद्यापीठ ग्रंथालयांचे आणि सामायिक असले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशी सूची झाली की तिच्यासाठीही परस्परांची उद्धरणे देण्याची स्पर्धा सुरू होईल. ही शक्यता नाकारता येत नाही. त्यामुळे या सूचीचा उपयोग शोध घेण्यासाठी व्हावा, गुण देण्यासाठी नव्हे, हे आरंभीच ठरवून घ्यावे लागेल.

यादीनंतरची जबाबदारी

आयोगाने २०१८ च्या मे महिन्यात आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर व अभ्यासकांवर आली आहे. यादी होती तेव्हा आपण लेख न वाचता यादी पाहत होतो. ही सवय सोडण्याची ही संधी आहे. संपादक मंडळ खरे आहे का, समीक्षणाची पद्धत जाहीर आहे का, शुल्क आधीच सांगितले जाते का, जुने अंक उपलब्ध आहेत का, हे तपासून ग्रंथपाल अभ्यासकाला सल्ला देऊ शकतो. त्या सल्ल्याला निवड समितीत स्थान मिळणे मात्र आवश्यक आहे.

समारोप

ग्रंथालयाने संशोधनाच्या मोजमापात साहाय्य करावे याचा अर्थ प्रमाणपत्रे देणारी खिडकी व्हावे असा नाही. नोंदी शुद्ध ठेवणे, मराठीतील अदृश्य संशोधन दृश्य करणे आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याची मर्यादा लेखी नोंदवणे ही त्याची तीन कर्तव्ये होत. गुणवत्तेचा निर्णय अखेर लेख वाचूनच करावा लागतो. तो लेख वाचणाऱ्याच्या हाती पोहोचवणे हे ग्रंथालयाचे आद्य कार्य, आणि संशोधनाच्या न्याय्य मापनाची सुरुवातही तेथूनच होते.