अपराधभाव हात थांबवतो का?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की बरेच जण 'अभिजात साहित्यातील अपराधभाव आणि सूड' असा भलामोठा विषय घेतात आणि थेट मॅकबेथकडे धावतात. आपल्या भंडाऱ्याला त्याहून जवळचा लेखक आहे. भवभूतीने आपलं गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगितलंय. वा. वि. मिराशींच्या मते ते आमगावजवळचं पद्मपूर. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होतं.

'उत्तररामचरिता'त सगळे तिसऱ्या अंकात थांबतात. साहजिकच आहे. अदृश्य सीता जवळ उभी आहे, वासंती रामाला बोचरे प्रश्न विचारते, राम बेशुद्ध पडतो. करुण रसाचं हे हुकमी उदाहरण. पण माझ्या मते अपराधभावाचं खरं काम दुसऱ्या अंकात दिसतं. तप करणाऱ्या शूद्र शंबूकावर तलवार चालवताना राम आपल्याच उजव्या हाताला सुनावतो, की गरोदर सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू हात, तुला कसली आलीय दया? (हा फक्त आशय, श्लोक मुळातून वाचाच.) आता बघा, पहिल्या अन्यायाची बोचणी दुसरा वार अडवत नाही, उलट सोपा करते. 'मी निर्दयच आहे' असं एकदा स्वतःशी मान्य केलं की हात मोकळा! पुढे लगेच शंबूक दिव्य रूपात येतो, म्हणून वाचणाराही पटकन पुढे सरकतो. तिथे सरकू नका.

सुडाचं तसं नाही. चौथ्या अंकात जनकाचा संताप धनुष्य उचलावं की शाप द्यावा इथवर जातो, पण कौसल्या घाबरते, अरुंधती समजावते आणि तो निवळतो. रागावलेल्याला अडवणारं कुणीतरी समोर असतं. शंबूकासमोरचा राम मात्र स्वतःच्या हाताशीच बोलतोय, त्याला कोण अडवणार? ('महावीरचरिता'तला माल्यवान सूडही थंड डोक्याने, राजकारण म्हणून चालवतो. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

म्हणून 'अपराधभावाचे चित्रण' असं शीर्षक देऊ नका, गाईड पहिल्याच भेटीत 'मग पुढे काय?' विचारतील. 'अपराधभाव जागा झाल्यावर पात्र काय करतं?' असं विचारा. मग मॅकबेथही उपयोगी पडतो: डंकनच्या खुनाने झोप उडालेला तो माणूस बँकोवर मारेकरी घालतोच.

माझं प्रकरण सध्या सातव्या अंकाशी अडलंय. तिथे रामाला सीता मिळते, मुलं मिळतात. दुसऱ्या अंकातला तो वार या सुखान्तात कुठे मांडायचा?