पास्कलची खोली आणि लक्ष्मीबाईंचं घर

मंडळी, मघाशी प्रास्ताविक चालू असताना सभागृहात दोन फोन वाजले. त्यातला एक आमचा होता. त्यामुळे लक्ष विचलित होण्याविषयी अधिकारवाणीने बोलायचा हक्क आम्ही आधीच गमावून बसलो आहोत. तरी बोलतो.

श्रद्धेने जगू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने रोजच्या गडबडीत आपलं ध्येय कसं सांभाळावं, या प्रश्नावर प्रवचनं पुष्कळ होतात. आम्हाला आज दोन पुस्तकं शेजारी ठेवून पाहायची आहेत. एक ब्लेझ पास्कलचं ‘पांसे’, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १६७० साली छापलेलं. दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’.

पास्कलचं निदान नेमकं आहे. तो म्हणतो, दिवसभर सशामागे धावणाऱ्याला तोच ससा आयता दिला तर नको असतो. त्याला धावणं हवं असतं, कारण थांबला की स्वतःचं मरण आणि स्वतःचं रितेपण समोर येऊन बसतं. म्हणून तो मन सतत दुसरीकडे वळवत राहतो. अगदी राजालासुद्धा एकटं बसवलं, भोवतीची करमणूक काढून घेतली, तर तो दुःखी होईल. माणसाने खोलीत स्वस्थ बसायला शिकावं, ईश्वराकडे तोंड करावं, हा त्याचा रोख.

हे सारं मान्य. पण वर्गात इतकी वर्षं पास्कल शिकवताना एक साधा प्रश्न आम्हाला पडला नाही, याची आता लाज वाटते. त्या खोलीचं दार बंद असताना बाहेर भाकऱ्या कोण थापतं? ‘पांसे’मधला शिकारी, जुगारी, राजा, सगळे रिकामपण असलेले पुरुष आहेत. त्यांचं धावणं ही पळवाट आहे, कबूल. पण तान्हं मूल रडलं म्हणून प्रार्थनेतून उठणारी बाई, तीही पळतेच आहे का? पास्कलकडे या दोघांना वेगळं करणारा शब्द नाही. आपल्याकडे आहेत, पण आपणही विरंगुळा आणि व्यत्यय एकाच पोत्यात भरतो.

इथे कुणीतरी मार्था आणि मरीयेची गोष्ट काढेल. मरीया प्रभूच्या पायाशी बसली, मार्था कामात गुंतली, आणि बोल मार्थेला लागला. खरं आहे. पण लूकच्या त्याच दहाव्या अध्यायात तिच्या लगेच आधी काय आहे ते पाहा. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट! याजक आणि लेवी यांचं लक्ष मुळीच विचलित झालं नाही, ते आपल्या वाटेने गेले. वाट मोडून थांबला तो शोमरोनी. लूकने या दोन गोष्टी एकमेकींना चिकटवून ठेवल्या आहेत, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्या वेगवेगळ्या रविवारी वाचतो.

आता ‘स्मृतिचित्रे’. हे पुस्तक विनोदी, घरगुती, निर्मळ म्हणून आपण वाखाणतो आणि त्यातली श्रद्धा नजरेआड करतो, कारण ती उपदेश करत नाही. आमच्या मते ही वाचनातली चूक आहे. लक्ष्मीबाईंचं धर्मांतर घडतं कुठे? देवळात किंवा चर्चमध्ये नाही. वडिलांच्या कमालीच्या सोवळ्यात वाढलेली ही बाई, जात देवाने केली की माणसाने, एवढाच प्रश्न स्वतःला विचारते, आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं पाणी पिते. बाप्तिस्मा नंतरचा. मग घरात पाहुणे, दुष्काळाने अनाथ केलेली पोरं, पैशांची ओढाताण. यातलं काहीही ती साधनेतला अडथळा म्हणून सांगत नाही. तिचा दिवस याच गोष्टींचा बनलेला आहे.

मात्र हे गोड करून सांगायला नको. ना. वा. टिळक ध्येयाने झपाटलेले होते. १८९५ साली बायकोला न सांगता त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची ताटातूट, लोकांचे टोमणे, पदरात लहान मूल, हे सगळं तिच्या वाट्याला आलं. एकाचं ध्येय दुसऱ्यावर संकट बनून कोसळू शकतं. ध्येयपूर्ण जीवनावरच्या पुस्तकांत हे प्रकरण सहसा नसतं. लक्ष्मीबाई ते लिहितात, नवऱ्यावरचं प्रेम न लपवता आणि झालेला घावही न लपवता. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरं राहिलं, ते पुढे याच बाईने पुरं केलं. तिचं औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हतंच.

पास्कलवर मात्र अन्याय नको. त्याच्या बहिणीने लिहून ठेवलेलं आहे. १६६२ साली त्याने एका गरीब कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला होता. त्यातल्या मुलाला देवी आल्या. बहिणीचं पास्कलकडे येणं-जाणं, तिच्या घरी लहान मुलं. संसर्गाची भीती होती. पास्कल स्वतः आजारी. सरळ उपाय म्हणजे त्या मुलाला हलवणं. पास्कलने मुलाला तिथेच राहू दिलं आणि आपण बहिणीकडे राहायला गेला. तिथेच ऑगस्टमध्ये तो वारला, आपल्या खोलीत नाही.

‘पांसे’ शिकवताना हा प्रसंग आम्ही चरित्रातली किरकोळ माहिती म्हणून गाळत असू. आज पुन्हा शिकवायचं झालं, तर सुरुवात तिथून करू.