मद : कविसंकेत आणि गंधसंदेश

हत्तीच्या गंडस्थळावरून पाझरणारा मद हा संस्कृत काव्यपरंपरेतील अतिपरिचित संकेत होय. अभ्यासक बहुधा अलंकार म्हणून त्याची नोंद करून पुढे जातात. ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात मात्र ही घाई वाचकाला महागात पडते. तेथे नर्मदेतून बाहेर आलेल्या रानहत्तीच्या मदाचा दर्प येताच अजाच्या सैन्यातील हत्ती माहुतांना न जुमानता तोंड फिरवतात. दर्पाला दिलेली सप्तपर्णाच्या चिकाची उपमा हा अलंकार खराच. हत्तींचे तोंड फिरवणे हा मात्र अलंकार नव्हे, ते निरीक्षण आहे.

या निरीक्षणाचे रसायन आता बरेचसे उलगडले आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस व पियुषिका ग्रंथी यांच्या आदेशाने वृषणांतून टेस्टोस्टेरॉन स्रवते. माजाच्या काळात त्याचे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि गंडग्रंथी वाहू लागतात. आशियाई हत्तींवरील 2002 च्या संशोधनात तरुण नराच्या स्रावाला मधासारखा, तर प्रौढाच्या स्रावाला उग्र वास आढळला. 2005 मध्ये ग्रीनवुड, रॅसमुसेन व सहकाऱ्यांनी फ्रंटॅलिन या द्रव्याच्या दोन प्रतिबिंबरूपांचे प्रमाण वयानुसार व माजाच्या अवस्थेनुसार बदलते, असे दाखविले. (हेच द्रव्य पाइन वृक्ष पोखरणारे भुंगेरेही वापरतात.) प्रौढाच्या स्रावात ही रूपे जवळजवळ समप्रमाणात असतात. त्या वासाने इतर नर आणि गर्भिणी माद्या दूर सरतात, ऋतुचक्राच्या पूर्वार्धातील मादी मात्र आकृष्ट होते. म्हणजे संदेशाचा अर्थ केवळ धाडणाऱ्याच्या नव्हे, तर घेणाऱ्याच्याही संप्रेरकांवर ठरतो.

यावरून कालिदासाला रसायनशास्त्र अवगत होते, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. त्याच्या कवितेमागे गजशाळेतील माणसांची नजर आहे, एवढेच म्हणता येते. आणि ते पुरेसे आहे.

मराठीत हीच गोष्ट नैतिक आरोपाच्या वाटेने गेली. ‘माज’ हत्तीलाही चढतो, उद्दाम माणसालाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळी साठमारीच्या मैदानात माजावर आलेल्या हत्तीला डिवचून त्याच्याशी झुंज खेळली जाई. त्या खेळाची वर्णने साठमारांच्या धाडसापाशी थांबतात. ज्या दर्पाने दुसरा हत्ती लढाईआधीच वाट सोडतो, तो दर्प मैदानातील माणसांना काहीच सांगत नव्हता. चंदगड-आजऱ्याच्या शिवारात उतरणाऱ्या टस्करालाही लोक तोच ‘माजलेला’ हा शब्द लावतात, मग त्याच्या गालावर स्रावाचा ओघळ असो वा नसो.