गरिबांसाठी एक गिनी

मॉख्लिन हे स्कॉटलंडच्या एअरशायर भागातलं लहानसं गाव. तिथल्या प्रेसबिटेरियन चर्चच्या सेशनची, म्हणजे पाळक आणि वडील (एल्डर) यांच्या सभेची, अठराव्या शतकातली दप्तरवही शाबूत राहिली आहे. तिच्यात ५ ऑगस्ट १७८८ या तारखेखाली जेमतेम दहाबारा ओळींची एक नोंद आहे. मी ती कितीदा वाचली असेल याची गणती नाही. दर वेळी वाटतं, एवढ्याशा जागेत एवढा संसार मावलाच कसा!

नोंदीचा आशय असा. रॉबर्ट बर्न्स आणि त्याची ‘कथित’ पत्नी जीन आर्मर सभेपुढे रुजू झाले. आपलं लग्न रीतसर झालेलं नाही हे दोघांनी कबूल केलं, खेद व्यक्त केला आणि ते पक्कं करण्यासाठी सभेने तिला योग्य वाटेल ते करावं अशी विनंती केली. सभेने ठरवलं की दोघांना ठपका द्यावा, आणि जन्मभर नवराबायको म्हणून एकमेकांशी एकनिष्ठ राहू असं त्यांच्याकडून वचन घ्यावं. त्याप्रमाणे झालं आणि दोघं दोषमुक्त ठरले. खाली पाळक विल्यम ऑल्ड यांचं नाव आणि त्याखाली त्या दोघांची नावं.

हा बर्न्स म्हणजेच स्कॉटलंडचा राष्ट्रकवी. पण वहीला त्याचं काही नाही. कविता, कीर्ती, एडिनबरोतला मानसन्मान, यांचा शब्दही नाही. तिच्या लेखी तो एका मंडळीचा सभासद आहे आणि त्याच्या लग्नाचा प्रश्न पडून आहे.

‘रीतसर नसलेलं लग्न’ ही स्कॉटलंडची खास गोष्ट. दोघांनी एकमेकांना नवराबायको मानलं, की पाळक नसला तरी तिथल्या कायद्याने लग्न लागलेलंच असे. आपण त्याला गांधर्वविवाह म्हटलं असतं. ही मुभा १९४० पर्यंत टिकली. चर्चला मात्र ती रुचत नसे. लग्न मोडीत काढता येत नाही आणि नुसतं सोडूनही देता येत नाही, म्हणून ठपका देऊन, वचन आणि दंड घेऊन ते मंडळीच्या पंखाखाली घ्यायचं. नोंदीतला ‘कथित’ हा शब्द या सगळ्याचं मर्म आहे. वर ती ‘कथित’ पत्नी आहे आणि नोंद संपेपर्यंत तो शब्द गळून पडलेला असतो. लिहिणाऱ्याने हे जाणूनबुजून केलेलं नाही, तरीही त्या नोंदीची सगळी हालचाल त्या एका शब्दात आहे.

पण ही नोंद एकटी वाचायची नाही. मागे जायचं, २ एप्रिल १७८६ ला. जीन आर्मर गरोदर असून पेझ्लीला निघून गेल्याचं सभेच्या कानावर येतं. चौकशीसाठी दोन वडील नेमले जातात, जेम्स लॅमी आणि विल्यम फिशर. हाच तो फिशर, ज्याच्यावर बर्न्सने १७८५ मध्येच ‘होली विलीज प्रेअर’ हे जळजळीत उपहासकाव्य लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात लॅमी सांगतो की मुलीची आई भेटली. मुलीला दिवस गेल्याचा तिला संशय नाही. ती आपल्या माणसांना भेटायला गेली आहे, लवकरच येईल. वहीत एवढंच. तिच्यावर विश्वास बसला की नाही, यावर टिपणी नाही. पण पोरीला गावाबाहेर काढून दारात आलेल्या वडिलधाऱ्यांसमोर उभी राहिलेली ती आई मला त्या कोरड्या वाक्यातून लख्ख दिसते. कुठल्याही चरित्रकाराने तिला इतकं जिवंत केलेलं नाही.

सभेला एवढी उठाठेव कशासाठी? नीतीची काळजी होतीच, पण गावातल्या गोरगरिबांना मदत करणंही सेशनकडेच होतं आणि १८४५ च्या कायद्यापर्यंत ते तसंच राहिलं. मुलाचा बाप कोण हे ठरलं नाही, तर त्याचं पोट भरण्याचा भार धर्मादाय पेटीवर पडायचा. म्हणून बापाचं नाव कागदावर यायलाच हवं. (१८२३ मध्ये बाणकोटला उतरलेले स्कॉटिश मिशनरी मंडळी चालवण्याची हीच घडी घेऊन कोकणात आले. एल्डरला ‘वडील’ म्हणायची सवय आपल्याकडच्या मंडळ्यांत अजून आहे.)

आणि मग येते जीनची १३ जूनची चिठ्ठी. सभेला आपल्यामुळे त्रास झाला आणि अजून होणार, याचं तिला मनापासून वाईट वाटतं. आपण गरोदर आहोत हे ती मान्य करते आणि मॉसगीलचा रॉबर्ट बर्न्स हा मुलाचा बाप आहे असं सांगते. संपलं. एकवीस वर्षांची, गवंडीकाम करणाऱ्या बापाची मुलगी. बर्न्सने लग्न मान्य करणारा जो कागद तिला लिहून दिला होता, त्यातली नावं तिच्या बापाने वकिलाकरवी कापून टाकली होती. त्या कागदाचा, त्या लग्नाचा चिठ्ठीत उल्लेख नाही. बोट दाखवणं नाही, रडणं नाही. बर्न्सच्या गोष्टीत जीन नेहमी दुसऱ्याच्या तोंडून येते, आणि इथे ती आपल्या नावाने बोलते. या वहीतलं सर्वांत मोलाचं पान कुठलं असं कुणी विचारलं, तर मी हेच दाखवीन.

त्या उन्हाळ्यात दोघांनाही भर चर्चमध्ये ठपका ऐकावा लागला. बर्न्सला आपल्याच जागेवर उभं राहण्याची सवलत मिळाली. आपण अविवाहित असल्याचा दाखला पाळक देणार आहेत, असं त्याने एका पत्रात लिहिलं आहे. ३१ जुलैला किल्मार्नॉकला त्याचा पहिला कवितासंग्रह निघाला आणि ६ ऑगस्टला शेवटचा ठपका होऊन तो दोषमुक्त झाला. एका आठवड्यातल्या या दोन गोष्टी, आणि वहीत त्यातली एकच.

आता पुन्हा ५ ऑगस्ट १७८८ कडे या. पाळक तेच, गाव तेच. दोन वर्षांपूर्वी ज्याला अविवाहित म्हणून मोकळं केलं, त्याचं लग्न आता हीच सभा मान्य करते आहे. मधल्या काळात जीनला दोनदा जुळी झाली. चारांपैकी तिघं दगावली, एकटा मुलगा उरला. बर्न्सच्या चिमुकल्या मुली याच चर्चच्या आवारात पुरल्या आहेत. एलिसलंडच्या शेतावर बर्न्सचं घर अजून उभं राहायचं होतं आणि जीन मॉख्लिनमध्येच होती. नोंदीत यातलं काहीही नाही. पण तिघांना मातीआड केलेल्या बाईकडून ‘जन्मभर’ असं वचन घेतलं जातं, तेव्हा तो ठरावीक साच्यातला शब्द मला ठरावीक वाटत नाही.

दंडाचं वाक्य मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलं. गरिबांसाठी काही दंड घेण्याचा सभेला कायद्याने हक्क आहे, असं आधी नोंदवलं आहे, आणि मग रक्कम बर्न्सच्या स्वतःच्या औदार्यावर सोपवली आहे. यात मला मोठं शहाणपण दिसतं. या माणसाने सभेतल्या लोकांवर जहरी ओळी लिहिल्या होत्या. हातात हक्क असताना त्यांनी हिशेब चुकता केला नाही, आकडा त्यालाच ठरवू दिला. बर्न्सच्या कवितेतून पाहिलं की ही मंडळी ढोंगी आणि आतल्या गाठीची वाटतात, आणि कवितेला तिचं सत्य आहेच. पण मॉख्लिनमधली माणसं या वाक्यातही आहेत, आणि हे वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं आहे.

बर्न्सच्या पहिल्या संग्रहाची किंमत तीन शिलिंग होती. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, त्या पुस्तकाच्या सात प्रतींचे पैसे. सह्यांच्या खाली, कंसात, मि. बर्न्स यांनी गरिबांसाठी एका गिनीची नोट दिल्याचं टिपून ठेवलं आहे.