केब्र नगस्त : पोथीची साक्ष व तिचें मोल

जंजिऱ्याचे सिद्दी व मलिक अंबर यांच्यामुळें हबशांचें नांव आपल्या इतिहाससाधनांत ठायीं ठायीं येतें. परंतु त्यांच्या मूळ देशाचीं, म्हणजे इथिओपियाचीं, साधनें आपल्याकडे क्वचितच तपासलीं जातात. त्यांतील सर्वांत मान्य ग्रंथ ‘केब्र नगस्त’, म्हणजे ‘राजांचें वैभव’. ११७ अध्यायांच्या या गीझ ग्रंथाची मुख्य कथा अशी : मकेदा राणी यरुशलेमेस शलमोन राजाकडे गेली, तिला त्याच्यापासून मेनेलिक हा पुत्र झाला, आणि त्या पुत्राबरोबर कराराचा कोश इथिओपियांत आला. एवढ्यावरून तेथील राजवंश तीन हजार वर्षांचा मानणारे लेखक आहेत. आमच्या मतें हें ग्राह्य नाहीं.

साक्ष प्रथम पोथीचीच घ्यावी. समाप्तिलेख सांगतो कीं, ग्रंथ कॉप्टिकमधून अरबींत आला तो लालिबेला राजाच्या काळीं. पण झाग्वे वंशाच्या अमदानींत तो गीझ भाषेंत उतरविला गेला नाहीं, कारण इस्राएलवंशीय नसलेले राजे धर्मबाह्य होत, असें त्यांत म्हटलें आहे. कॉप्टिक मूळ कोणासही सांपडलेलें नाहीं. झाग्वे सत्ता १२७० सालीं येकुनो अम्लाकानें बुडविली; त्यानंतर, १४ व्या शतकाच्या आरंभीं, अक्सूमच्या यिस्हाकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं हें भाषांतर केलें. ग्रंथाचा हेतु येथें ग्रंथच सांगतो.

दुसरी साक्ष शिलालेखांची व नाण्यांची. ४ थ्या शतकांतील अक्सूमचा राजा एझाना आरंभीं स्वतःस महरेम देवाचा पुत्र म्हणवितो, पुढें स्वर्गाच्या स्वामीला शरण जातो. नाण्यावरील चंद्रकोरीच्या जागीं क्रूस येतो. शलमोनाचें नांव यांत कोठेंही नाहीं.

तिसरी साक्ष भूगोलाची. इ. स. च्या १ ल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ प्रमाणें अदुलिस बंदराहून अक्सूम आठ दिवसांच्या वाटेवर होतें. हस्तिदंताच्या व्यापारानें त्याची भरभराट झाली. पुढें सत्ता दक्षिणेकडे, प्रथम लास्तांत व मग अम्हारा-शेवांत, सरकली. अक्सूमपासून दूर उदय पावलेल्या राजांस अक्सूमच्या पुण्याईची गरज होती. परंतु समाप्तिलेखांत गौरविलेला याइबिका-एग्झी हा तिग्रे प्रांतींचा अधिपति. त्यानेंच पुढें अम्दा-सेयोन राजाविरुद्ध बंड केलें. यावरून ग्रंथ प्रथम तिग्रेच्या अभिमानासाठीं रचला गेला व मागाहून दक्षिणेच्या राजांनीं आपलासा केला, असें आम्हांस संभवनीय वाटतें.

मग ग्रंथ टाकाऊ काय? मुळींच नव्हे. १८६८ सालीं मुंबईहून निघालेल्या नेपियरच्या फौजेनें मगदला घेतला, तेव्हां सुमारें ३५० हस्तलिखितें ब्रिटिश म्यूझियमकडे गेलीं. या लुटींतील ‘केब्र नगस्ता’ची एक प्रत योहान्निस चौथा यानें १८७२ सालीं परत मागितली, तिच्यावांचून प्रजा आज्ञा मानणार नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें, व ती त्यास परत मिळाली. १९५५ च्या राज्यघटनेंतही राजपदाचा हक्क याच वंशकथेवर ठेविला होता. १९७४ सालीं सम्राट पदच्युत झाल्यावर तो आधार तुटला. सारांश, शलमोनाच्या काळासाठीं ही पोथी निरुपयोगी, पण १४ व्या शतकापासून १९७४ पर्यंतच्या राजसत्तेसाठीं अव्वल दर्जाचें साधन होय.

बखरींच्या बाबतींतही हाच न्याय लागू आहे. म्हणून पोथी नकलणारांस आमची विनंति कीं, कथाभाग एक वेळ गळला तरी चालेल, समाप्तिलेखाचें अक्षरही गळूं देऊं नये.